स्कंध आणि देश

पर्युषणानंतरच्या रविवारी आम्ही मुलांसह बारवी धरणाकाठी गेलो होतो. थोरले बंधू आले नव्हते. भोजनोत्तर मुलांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा १९७४ सालापासूनचा, फाशांवर चालणारा कथाखेळ मांडला. पुतण्याच्या मांत्रिकाला बंद दाराची केवळ बिजागरी मंत्राने फोडायची होती. कन्येने हरकत घेतली. नियमानुसार दार, तलवार, पुस्तक ही एकेक वस्तू. अनेक वस्तूंची बनलेली इमारत ही एक वस्तू नव्हे. मग दाराला जडलेली बिजागरी वेगळी वस्तू की दाराचाच अंश?

“काका, तुम्हीच सांगा.”

मला पाठशाळेत शिकलेले पुद्गलाचे चार भेद आठवले : स्कंध, देश, प्रदेश, परमाणू. जोडलेला असेतो भाग हा स्कंधाचा ‘देश’. सुटला की तोच निराळा स्कंध.

“जडलेली आहे तोवर ती दारच,” मी म्हणालो आणि थबकलो. बंधूंनी पेढीतला वाटा मागितल्यापासून मी मनोमन त्यांचे-माझे वेगळे मांडत होतो. क्षमापनाही मोबाइलवरच उरकली होती. समोर धरणाची भिंत अंबरनाथ-उल्हासनगरचे पाणी अडवून अखंड उभी होती.

वाटणी पुढे झालीच. परंतु त्या सायंकाळी मी हिशेबाची वही न घेता दादांच्या दारी गेलो आणि हात जोडले.