अर्थ गेलाय, सर

गेली अठरा वर्षे मी महाविद्यालयात मराठी शिकवतो आहे. या काळात 'अर्थ' हा शब्द मी किती वेळा उच्चारला असेल, त्याची मोजदाद करणे कठीण आहे. शब्दार्थ, वाच्यार्थ, लक्ष्यार्थ, व्यंग्यार्थ ही माझी रोजचीच भाषा. तरीही गेल्या पावसाळ्यात या शब्दाचा एक वेगळाच वापर मला नव्याने शिकावा लागला, आणि तोही करी रोड स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर, फुटपाथवर अवजारांची पेटी मांडून बसणाऱ्या एका वयस्क इलेक्ट्रिशियनकडून. नव्याने म्हणतो, कारण लहानपणी तो मी घरीच ऐकला होता. मध्यंतरी विसरलो होतो.

माझे वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, तेव्हा मी जेमतेम दोन वर्षांचा होतो. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. गिरणगावातल्या घराघराने तो आपापल्या परीने संपवला. आमच्या घरी तो संपला वडिलांनी टॅक्सीचा बिल्ला काढला तेव्हा. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली काळी-पिवळी पद्मिनी ते भाड्याने चालवीत. रविवारी सकाळी चाळीच्या तोंडाशी गाडी उभी करून ते आत बसत आणि मला मागे उभे करीत. ब्रेक दाबून विचारीत, "काय दिसतं?" मी ओरडत असे, "लागला!" पाय काढला की, "गेला!" मग डावा इंडिकेटर, मग उजवा, मग नंबरप्लेटवरचा बारीक दिवा. मला तो खेळ वाटे. एकदा कंटाळून मी विचारले, "बाबा, तुम्हीच का नाही बघत?" ते म्हणाले, "आपल्या गाडीचा मागचा दिवा आपल्याला कधीच दिसत नाही रे. तो आपला नसतोच, मागच्याचा असतो."

वडील जाऊन आता बरीच वर्षे झाली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही वीस वर्षांची मुदत संपल्यामुळे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून गेली. त्या बातमीने मी हळवा झालो, त्यावर वर्गात बोललोही. पण वडिलांचे ते वाक्य काही मला तेव्हा आठवले नाही.

माझी स्वतःची गाडी लहान आणि जुनी आहे. जुलैच्या सुरुवातीला एका रात्री आमच्या इमारतीचा वॉचमन म्हणाला, "सर, तुमचा मागचा लाइट काहीतरी विचित्र लागतो." मी उतरलो, मागे जाऊन पाहिले. दोन्ही लाल दिवे व्यवस्थित जळत होते. "ठीक आहे की," असे म्हणून मी वर निघून गेलो. त्याच्या वाक्यात 'विचित्र' हा शब्द होता, 'बंद' हा नव्हता, याकडे भाषेच्या प्राध्यापकाचे लक्ष गेले नाही. शिवाय मी पाहायला मागे गेलो तेव्हा ब्रेकवरचा माझा पाय माझ्याबरोबरच बाहेर आला होता, एवढी साधी गोष्टही माझ्या ध्यानात आली नाही.

त्यानंतर आठवड्याने, धो धो पावसात, मी करी रोडच्या पुलावरून उतरत होतो. पुढची टॅक्सी थांबली म्हणून मी ब्रेक दाबला. मागून मोटरसायकल घसरल्याचा आवाज आला आणि गाडीला हलकासा धक्का बसला. धावत मागे गेलो. एक तरुण मोटरसायकल सावरीत उभा होता. त्याच्या पुढ्यात, टाकीवर, रेनकोटात गुंडाळलेली चार-पाच वर्षांची मुलगी होती. कोणाला काही लागले नव्हते. मी शिव्यांची वाट पाहत होतो. तो एवढेच म्हणाला, "साहेब, तुम्ही थांबत होता की वळत होता? मागून काही कळलंच नाही." मुलगी माझ्याकडे पाहत होती. मला उत्तर सुचले नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्यांनी प्रथम मला आत बसवून ब्रेक दाबायला लावला आणि स्वतः मागे उभे राहिले. मग म्हणाले, "दोन्ही बाजू एकदम मेल्या असत्या तर आधी फ्यूज बघितला असता, नाहीतर पेडलजवळचा स्विच. इथं दोन बाजूंचं दुखणं वेगवेगळं आहे." उजवीकडचे निदान सोपे निघाले. मागच्या बल्बमध्ये दोन तारा असतात, ५ वॅटची रात्रभर जळण्यासाठी आणि २१ वॅटची ब्रेकसाठी. उजवीकडची मोठी तार तुटली होती, लहान शाबूत होती. म्हणूनच मला दिवा 'ठीक' दिसला होता. डावीकडे मात्र बल्ब उत्तम होता. तरी ब्रेक दाबला की तो निस्तेज लागे आणि शेजारचा पिवळा इंडिकेटरही न मिचकावता मंद जळू लागे.

त्यांनी डिकी उघडून बल्ब काढला आणि एक टेस्ट लॅम्प घेतला. टेस्ट लॅम्प म्हणजे दोन वायरी जोडलेला साधा बल्ब. वडिलांकडे होता तसाच. त्याचे एक टोक गाडीच्या उघड्या पत्र्याला लावले आणि दुसरे होल्डरमधल्या ब्रेकच्या टोकाला. दिवा लख्ख लागला. म्हणजे वीज येत होती. मग पत्र्यावरचे टोक काढून त्यांनी होल्डरमधून परत जाणाऱ्या काळ्या वायरीला टेकवले. आता तो काजव्याएवढाच लागला. ते मान वर न करता म्हणाले, "अर्थ गेलाय, सर."

गाडीत प्रत्येक दिव्याकडे वीज वायरीतून येते, पण बॅटरीकडे परतते ती गाडीच्या पत्र्यातूनच. त्या परतीच्या जोडणीला हे लोक इंग्रजी 'अर्थ' म्हणतात. डावीकडचे सगळे दिवे एकाच बोल्टावर पत्र्याशी जोडलेले होते आणि समुद्राकाठच्या हवेने तो बोल्ट गंजला होता. ब्रेकची वीज बल्बातून बाहेर पडली की तिला परतीची वाट सापडत नव्हती. तेव्हा ती शेजारच्या इंडिकेटरमध्ये उलटी शिरे आणि त्याच्या वायरीने गाडीच्या पुढच्या इंडिकेटरपर्यंत जाऊन तिथल्या शाबूत अर्थमधून परते. बारा व्होल्ट तीन बल्बांत वाटले जात, एकेकाच्या वाट्याला सुमारे चार. म्हणून तिन्ही मंद. पायाने मी 'थांबतो आहे' असे म्हणत होतो आणि मागच्याला 'कदाचित वळेन' असे ऐकू जात होते.

काव्यशास्त्रात याला नाव आहे. मुख्य अर्थाला बाध आला की शब्द जवळच्या, संबंधित अर्थाकडे वळतो. ती लक्षणा. गंगेवर गवळ्यांची वस्ती म्हटले की गंगेचा प्रवाह बाजूला राहतो आणि काठ समजायचा, हे उदाहरण मी दरवर्षी देतो. तिथे ऐकणाऱ्याला विचार करायला सवड असते. पुलाच्या उतारावर, ओल्या रस्त्यावर, लेकरू पुढ्यात घेतलेल्या माणसाला ती नसते. त्याला वाच्यार्थच हवा, तोही तत्क्षणी.

इलेक्ट्रिशियनने बोल्ट सोडवला, त्याखालचा पांढरा-हिरवा थर काचपेपरने घासून पत्रा चकचकीत केला, वायरीचे टोकही घासले, बोल्ट घट्ट आवळून वर ग्रीसचे बोट फिरवले. सगळे मिळून पंधरा मिनिटे. पैसे त्यांनी उजवीकडच्या बल्बचेच घेतले. "इंडिकेटरचा बल्ब गेला की टिकटिक बहुधा भरभर होते," निघताना ते म्हणाले, "गाडी तुम्हाला कळवते. तुमच्या गाडीत ब्रेकचं कोणी कळवत नाही. एकटे असलात तर रात्री भिंतीला पाठ लावून गाडी उभी करा, ब्रेक दाबा आणि आरशात भिंतीवरचा लाल उजेड बघा. दोन्हीकडं सारखा पाहिजे."

पण मला तर कळवले गेले होते. पगारात ज्याला माझ्या निम्म्यानेही मिळत नसावे, अशा एका माणसाने रात्रपाळीत उभे राहून, जे मला दिसणे शक्य नव्हते ते पाहिले आणि नेमक्या शब्दात सांगितले. मी ते ऐकून घेतले, समजून घेतले नाही. वर्गात शेवटच्या बाकावरचा एखादा विद्यार्थी "सर, नीट कळलं नाही" म्हणतो, तेव्हाही मी बहुतेक वेळा तेच वाक्य पुन्हा, जरा मोठ्याने म्हणतो. माझ्याकडून निघालेले तिथवर काय होऊन पोचते, हे मी कधी मागे जाऊन पाहिलेले नाही.

त्या संध्याकाळी वॉचमनला झालेला प्रकार सांगितला. मोटरसायकलचेही सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला. "मी तर तेव्हाच बोललो होतो, सर," म्हणाला. मी म्हटले, "हो. चूक माझीच. आता जरा मागे उभे राहता का?" मी आत बसून ब्रेक दाबला. आरशात तो छत्री सावरीत वाकलेला दिसत होता.

"लागला," तो म्हणाला. "दोन्ही."