चार ओळी, अठरा महिने

‘ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे’ हे नाव वाचून वाटतं, चला, सुटला बिचारा. ब्रेकअपमधून बाहेर पडलेल्या माणसाचं गाणं असणार. ऐकत गेलं की हळूहळू उलगडतं. हा माणूस तिची जुनी पत्रं जपत आयुष्यभर झुरला. आज प्रेम संपलं, कारण आज तो मेला.

बॉबी ब्रॅडॉक आणि कर्ली पुटमन यांनी हे गाणं लिहिलं. निर्माता बिली शेरिलने ते पुन्हा पुन्हा बदलून घेतलं. ती त्याच्या अंत्यविधीला यायलाच हवी, हा त्याचा हट्ट.

गायक जॉर्ज जोन्सला मात्र गाणं आवडलंच नाही. इतकं रडकं गाणं कोण विकत घेणार? त्यात ते दिवस वाईट. दारू, कोकेन, कर्ज. टॅमी वायनेटशी १९७५मध्ये घटस्फोट झालेला. ठरलेल्या कार्यक्रमांना तो इतक्यांदा गैरहजर राहायचा, की लोक त्याला ‘नो शो जोन्स’ म्हणायचे. स्टुडिओत आला तरी हे शब्द क्रिस क्रिस्टॉफरसनच्या ‘हेल्प मी मेक इट थ्रू द नाइट’च्या चालीवर घसरायचे.

पण खरी अडचण वेगळीच होती. ती शेवटचं बघायला येते, त्या चार ओळी गायच्या नव्हत्या, नुसत्या बोलायच्या होत्या. जोन्सने आत्मचरित्रात लिहिलंय, की पिऊन गाणं त्याला जन्मभर जमलं, लोकांना कळायचंही नाही. पण पिऊन बोललं की जीभ अडखळायची. चार साध्या ओळी बोलण्याइतका तो शुद्धीत सापडेना. जेमतेम तीन मिनिटांचं गाणं पूर्ण व्हायला सुमारे अठरा महिने लागले.

हे वाचलं आणि मला आजोबा आठवले. ते भजनी मंडळात गायचे. आजीच्या वर्षश्राद्धाच्या रात्री त्यांनी नेहमीच्याच खणखणीत आवाजात अभंग म्हटले. मग कुणीतरी म्हणालं, “अण्णा, वहिनींबद्दल दोन शब्द बोला.” त्यांनी टाळ खाली ठेवले. “ती...” एवढंच म्हणाले आणि उठून ओसरीवर गेले. दारूचा थेंबही न शिवलेला माणूस. गाताना चाल हात धरून पुढे नेते, ताल सावरतो, मागे कोरस असतो. बोलताना आपण एकटेच असतो.

जुलै १९८०मध्ये गाणं बिलबोर्डच्या कंट्री यादीत पहिलं आलं. जोन्सला ग्रॅमी मिळालं. बुडत आलेली कारकीर्द वर आली. दारू लगेच सुटली नाही. त्याला आणखी काही वर्षं गेली. २०१३मध्ये तो गेला, तेव्हा नॅशव्हिलमध्ये त्याच्या अंत्यविधीला अ‍ॅलन जॅक्सनने हेच गाणं गायलं.

एकदा हेडफोन लावून ऐका. सूर थांबतो, तो बोलायला लागतो, आणि आवाज कुठेही अडखळत नाही.