नगरात घर घ्यायचे, पण कोणत्या अंगाला?

प्रवरेच्या काठचे कोल्हार हे भगवतीमातेचे गाव. नगर-मनमाड रस्ता इथूनच जातो, लोणीची वाट इथूनच फुटते. भंडारदऱ्याचे पाणी पाटाने आले आणि या मुलखात ऊस उभा राहिला. उसाचे पैसे हाती आले, मुले कॉलेजात जाऊ लागली, की घरात विषय निघतोच, ‘नगरात एखादे घर घ्यावे का?’ 2024 साली नगरचे अहिल्यानगर झाले, तरी एस.टी.त चढताना तोंडी नगरच येते.

कोल्हारहून नगर सुमारे 55 किलोमीटर. राहुरी मागे पडते, कृषी विद्यापीठ जाते, विळद घाट लागतो. एमआयडीसीचे कारखाने दिसले की नगर आले समजावे. मग नागापूर, सीनेचा पूल आणि पुढे सावेडी. आपल्या बाजूने जाणाऱ्याला सावेडी आधी भेटते, जुने शहर मागाहून.

जुने शहर 1490 च्या सुमारास वसले. दिल्ली दरवाजा, कापडबाजार, माळीवाडा, सारे पायी फिरण्याजोगे. म्हाताऱ्या माणसांना दवाखाना जवळ पडतो. पण बोळ अरुंद, जीप लावायला जागा नाही, आणि वाड्याला वारस फार. मालमत्ता पत्रकावरचे प्रत्येक नाव खरेदीला राजी आहे का, हे आधी पाहावे.

सावेडीत रस्ते रुंद, शाळा जवळ, भाव मात्र चढा. मुलगा एमआयडीसीत कामाला असेल तर नागापूर-बोल्हेगावचा विचार करावा. तिथे सीना जवळ आहे, म्हणून पूररेषेचा नकाशा पाहिल्याशिवाय इसार देऊ नये. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला बंदी असते. केडगाव पुणे रस्त्याला, स्टेशनच्या अंगाला. पुण्याला ये-जा असेल त्याला ते सोयीचे. कोल्हारकराला मात्र सणासुदीला गावी यायचे तर अख्खे शहर ओलांडावे लागते, नाहीतर बाह्यवळणाने फेरा घ्यावा लागतो. भिंगारला लष्कराची छावणी आहे. तिथले जमिनीचे नियम निराळे, ते नीट विचारून घ्यावेत.

पूर्वी कापूरवाडीसारख्या ठिकाणाहून खापरी नळांनी शहरात पाणी येई. आज ते मुळा धरणातून येते. तरी गल्लीगल्लीचा अनुभव वेगळा. पाणी किती दिवसांनी येते, किती वेळ टिकते, हे दलालाला विचारू नये, शेजारच्या बायकांना विचारावे. घरातल्या कारभारणीला सोबत न्यावे. एक फेरी वैशाखात मारावी, एक भर पावसात.

शहराच्या कडेला एक-दोन गुंठ्यांचे तुकडे स्वस्तात दाखवतात. बिनशेतीचा हुकूम आणि मंजूर रेखांकन हाती पडल्याशिवाय पैसे मोजू नयेत. नुसत्या नोटरीच्या कागदाने जागा नावावर होत नाही.

आणखी एक गोष्ट बंधूंनो, गाठीला बांधून ठेवा. घरासाठी सगळी जमीन विकू नका. आपल्या राज्यात शेतजमीन घ्यायची तर घेणारा शेतकरी असावा लागतो. एकदा सातबाऱ्यावरचे नाव गेले की परतीची वाट अवघड होते. शिल्लक पडेल तेवढ्यातच घर पाहा, आणि शक्यतो गावाच्या अंगाला पाहा. मनमाड रस्त्यावर चार खोल्या कमी मिळाल्या तरी चालेल. पाटाला पाणी सुटल्याचा निरोप आला तर सकाळच्या एस.टी.ने बांधावर पोचता आले पाहिजे.