मणका बसवून द्या!

मणक्यावर नेमका दाब देऊन ‘कट्’ असा आवाज काढायला दोन सेकंदही लागत नाहीत. फिजिओथेरपिस्ट म्हणून माझ्या कामातला हा सगळ्यात छोटा भाग, पण रुग्णांची सगळी भिस्त त्यावरच. ‘मॅडम, मणका सरकलाय, तेवढा बसवून द्या,’ असं म्हणतच लोक आत येतात. हल्ली मोबाइलवर मान मोडण्याचे व्हिडिओ पाहून येणाऱ्यांची त्यात भर पडली आहे.

मणके काही विटांसारखे नुसते एकावर एक रचलेले नसतात. चकत्या, चिवट अस्थिबंध आणि पाठीचे खोल स्नायू त्यांना घट्ट धरून असतात. मग तो आवाज कसला? कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी 2015 मध्ये बोटाचा सांधा ओढला जात असतानाच त्याचा एमआरआय केला. सांध्याचे पृष्ठभाग विलग झाले त्या क्षणी आतल्या द्रवात पोकळी तयार होताना दिसली. हाड मात्र कुठून सुटून कुठे बसलं नव्हतं.

‘बसवण्या’ची कल्पना रूढ करण्यात कायरोप्रॅक्टिक या मणके दाबून उपचार करण्याच्या पद्धतीचा मोठा वाटा आहे. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्ट गावी 1895 मध्ये तिचे जनक डॅनियल डेव्हिड पामर यांनी हार्वी लिलार्ड या सफाई कामगाराचा मणका दाबला आणि त्याला ऐकू येऊ लागलं, असा दावा केला. कानाची नस पाठीच्या मणक्यांतून जातच नाही. ‘बहुतेक आजारांचं मूळ मणक्यात’ हा पामरांचा सिद्धान्त टिकला नाही, पण हाताचं तंत्र टिकलं. 2017 मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने नव्या कंबरदुखीसाठी औषधाआधी करून पाहायच्या उपायांत शेक आणि मसाजबरोबर त्याचाही समावेश केला. त्याने दुखणं काही काळ दबतं, आखडलेले स्नायू सैल होतात. तेवढ्या वेळात रुग्णाला चालतं करता आलं, तर मला तो आराम मोलाचा वाटतो.

आपल्याकडे उसण भरली की पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घ्यायची रीत होतीच. बहुतेक उसणी काही आठवड्यांत आपोआप ओसरतात आणि श्रेय शेवटच्या उपायाला जातं.

‘मणका सरकलाय’ या समजुतीसारखेच एमआरआयच्या रिपोर्टनेही लोक धास्तावतात. 1994 मध्ये अमेरिकेत पाठ न दुखणाऱ्या 98 जणांचे एमआरआय तपासले, तर सगळ्या चकत्या नॉर्मल असलेले फक्त 36 टक्के निघाले. चकती थोडी फुगली म्हणून वाकणं, चालणं सोडलेली तरणी माणसं पाहिली की मला फार वाईट वाटतं.

माझी खरी काळजी वेगळीच आहे. एक कॉलेजातली मुलगी दोन ठिकाणी पाठ ‘मोडून’ घेऊन आली होती. संध्याकाळी कणकण, वजन घटलेलं, रात्री कूस बदलताना कळ येऊन जाग. पालथं झोपवून मी एकेक मणका मुठीने अगदी हलके ठोकत खाली आले. पाठीच्या मध्यावर एका जागी तिने अंगच चोरलं. मी तिथेच थांबले आणि तिला ऑर्थोपेडिक सर्जनकडे पाठवलं. मणक्याचा टीबी निघाला. टीबीने पोखरलेल्या हाडावर झटका बसला, तर ते खचून मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो. तिला लागली ती औषधं, वर्षभराहून अधिक काळ, आणि ती बरी झाली.

मानेला झटका मी देतच नाही. मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊन पक्षाघात होणं दुर्मीळ असलं, तरी हलक्या हाताच्या उपचाराने आणि व्यायामाने काम भागत असताना तो धोका मला पत्करायचा नाही.

आणि कंबरदुखीबरोबर लघवी अडली, बसण्याची जागा बधिर झाली किंवा पायातली ताकद झपाट्याने जाऊ लागली, तर माझ्याकडेही येऊ नका. त्याच रात्री मोठं हॉस्पिटल गाठा. शेपटाकडच्या नसांवरचा तो दाब शस्त्रक्रियेनेच काढावा लागतो, आणि उशीर झाला तर लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो.