माशाच्या पोटात

आईच्या गुडघ्यांना पायऱ्या नकोत आणि आई गुडघ्यांचं ऐकत नाही. नवरात्रातली यात्रेची गर्दी तेवढी टाळली आणि मार्गशीर्षात एका मंगळवारी जालन्याहून एसटीनं अंबड गाठलं. मत्स्योदरीची टेकडी लहानशीच. धडधाकट माणूस बोलता बोलता वर पोचतो. आम्हाला पाऊण तास लागला.

आठ-दहा पायऱ्या झाल्या की आई पदर सावरून टेकायची, दोन्ही तळहातांनी गुडघे चोळायची. सकाळचा दगड गार होता. टेकडीचा आकार माशासारखा आणि देवी त्याच्या पोटात, म्हणून मत्स्योदरी, हे लहानपणापासून ऐकलेलं. मी वळून वळून डोकं-शेपूट शोधत होतो. काळा दगड आणि वाळलेलं कुसळी गवत, बाकी काही नाही.

"माशावर बसून मासा दिसतो व्हय रे?" आई म्हणाली.

बसल्या बसल्या तिला भाच्यानं सांगितलेलं सांगितलं. तो ऑस्ट्रेलियात असतो, तिथला उलुरू बघून आला. वाळवंटातला भला मोठा तांबडा खडक. तिथल्या अनांगू लोकांना तो पवित्र. त्यांनी वर्षानुवर्षं विनवलं, तेव्हा कुठं २६ ऑक्टोबर २०१९ पासून चढणं बंद झालं. आता लोक पायथ्यानं चालतात.

आई गप्प झाली. मग आपल्या अनवाणी पायांकडं बघून म्हणाली, "आपुन चढतो. पण चपला खाली काढल्यात की."

दर्शन झटक्यात झालं. बाहेर येऊन मात्र ती बराच वेळ शिवाराकडं बघत बसली. अहिल्याबाई होळकरांनी अंबडला खंडोबाचं देऊळ बांधलं, ते कुठल्या अंगाला आहे हे मी सांगत होतो. तिचं लक्ष नव्हतं. ती मोसंबीच्या बागा हुडकत होती. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्यातल्या किती बागा सरपणाला गेल्या, त्यात आमचीही होती. टँकरनं जगवता जगवता दादांनी हात टेकले.

"पान्याचा ठाव नाही, अन् मासा बघ केवढा," ती म्हणाली. रागानं की कौतुकानं, कळलं नाही.

उतरताना ती उलटी उतरली. तोंड देवळाकडं, हात माझ्या खांद्यावर, एकेक पायरी चाचपत. गुडघ्यावर भार येऊ नये म्हणून डॉक्टरांनीच तसं शिकवलंय. खाली नारळवाल्या मावशी टक लावून बघत होत्या.

"देवीला पाठ दाखवू नये, बाई," आईनं त्यांना सांगितलं.