सुपे गावची वही

वाचकहो, मोरगावच्या मयूरेश्वराला तुमच्यापैकी पुष्कळजण जाऊन आले असतील. पुणे-सोलापूर रस्त्यावर चौफुल्याला वळले की मोरगावच्या आधी सुपे लागते. गाडी तिथे चहापुरती थांबते आणि पुढे जाते. पुढच्या खेपेला दोन तास हाताशी ठेवा आणि सुप्याला उतरा. (पारनेर तालुक्यातले सुपे ते वेगळे. हे बारामती तालुक्यातले.)

मुलूख अवर्षणाचा. पावसाळ्याचे चार महिने सोडले तर डोंगर पिवळे, माळ मोकळे. जवळच मयूरेश्वर अभयारण्य आहे, तिथल्या माळावर चिंकारा हरणे चरताना दिसतात. शेती मुख्यतः रब्बी ज्वारीची. जिथे पाणी पोहोचले तिथे कांदा, चारा आणि गाई. शहाजीराजांच्या जहागिरीत पुण्याबरोबर सुपे परगण्याचे नाव येते, हे तुमच्या मुलांना शाळेत शिकवलेले असेल. पण मी तुम्हाला सुप्याला न्यायचे म्हणतो ते दुसऱ्याच कारणासाठी.

१२ मे १८७५ रोजी या बाजारपेठेत आजूबाजूच्या खेड्यांतील शेतकरी गोळा झाले आणि त्यांनी सावकारांकडे वह्या आणि कर्जरोखे मागितले. हाती आलेले कागद जाळले, धान्याची दुकाने लुटली, काही घरेही पेटवली. तिथून हे लोण नगर जिल्ह्यापर्यंत गेले आणि दोन महिन्यांत तीसहून अधिक गावांत पोहोचले. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी, की लोकांचा राग माणसांपेक्षा कागदांवर होता.

तो का, हे समजून घ्या. १८६१ साली अमेरिकेत यादवी सुरू झाली आणि विलायतेच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला. मग आपल्या दख्खनच्या कापसाला भाव आला आणि कापूस लावणाऱ्याला एकरी शंभर रुपये उचल मिळू लागली. १८६५ मध्ये तिकडची लढाई संपली. भाव गेला, उचल बंद झाली, आणि त्याच सुमारास सरकारने सारा वाढवला. पीक गेले तरी कर्ज राहिले.

यात कायद्याची एक गंमतही होती. १८५९ च्या कायद्याने कर्जरोख्याची मुदत तीन वर्षे ठरवली. हेतू चांगला, व्याज साचत जाऊ नये हा. पण सावकार दर तीन वर्षांनी जुना रोखा मोडून नवा लिहून घेऊ लागले आणि थकलेले व्याज नव्या रोख्यात मुद्दल म्हणून चढू लागले. दंग्यानंतर नेमलेल्या चौकशी आयोगापुढे शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक व्याज लावल्याचे प्रकरण आले. भरलेल्या पैशाची पावती नाही, वही सावकाराची, अक्षर सावकाराचे, अंगठा मात्र कुणब्याचा.

तुम्ही म्हणाल, साहेब, हे झाले दीडशे वर्षांपूर्वीचे. मग मला सांगा, मार्च महिन्यात तुमच्या गावात 'नवं-जुनं' कसे होते? सोसायटीचे कर्ज भरायला कुणाकडून तरी चार-आठ दिवसांसाठी पैसे उचलायचे, नवे कर्ज मंजूर झाले की त्यातून ते फेडायचे आणि मधल्या माणसाचे व्याज घरातून भरायचे. तीन वर्षांचा रोखा गेला, एका वर्षाचा आला. चाल तीच आहे.

सुप्याच्या बाजूच्या एका वाडीत माझे कामानिमित्त जाणे होते. तिथले एक घर तुम्हाला दाखवतो, नाव सांगत नाही. सहा एकर रान, दोन गाई, नवरा-बायको, दोन मुली आणि म्हातारी सासू. तीन वर्षांपूर्वी या घरावर सोसायटीचे एक लाख वीस हजार, सोनेतारणाचे ऐंशी हजार, कृषी सेवा केंद्र आणि किराणा मिळून बत्तीस हजार उधारी आणि गावातल्या एकाकडून घेतलेले पन्नास हजार, शेकडा तीनने. एकूण दोन लाख ब्याऐंशी हजार. यातले निम्मे तर बाईंना ठाऊकच नव्हते. मालकांनी सांगितलेच नव्हते. पुरुषमंडळींनो, रागावू नका, पण पुष्कळ घरांत हेच चालते. कर्ज पुरुषाच्या खिशात आणि काटकसर बाईच्या चुलीवर.

बाईंनी मुलीच्या शाळेची अर्धी कोरी वही घेतली आणि एकेका पानावर एकेक देणे लिहिले. मुद्दल किती, व्याज किती, मुदत कधीची. मग माझ्याकडे आणून म्हणाल्या, "साहेब, आधी कुणाचं द्यायचं ते सांगा. मालक म्हणत्यात, दुकानदार रोज हटकतो, त्याचं देऊन टाकू."

माझे मत असे, की जो जास्त ओरडतो त्याचे आधी फेडायचे नसते, जे जास्त खाते ते आधी फेडायचे. शेकडा तीन ऐकायला लहान वाटते. पन्नास हजारांना महिना दीड हजार, वर्षाला अठरा हजार, म्हणजे छत्तीस टक्के. नुसते व्याज भरत बसले तर पावणेतीन वर्षांत मुद्दलाएवढी रक्कम जाते आणि मुद्दल जागेवरच. उलट, सोसायटीचे तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत भरले तर केंद्राची आणि राज्याची सवलत मिळून व्याज शून्यावर येते. ते घाईने फेडण्यात लाभ नाही, पण मुदत मात्र चुकवू नये. म्हणून ज्वारीचा आणि कांद्याचा पैसा सोसायटीसाठी राखला, म्हणजे नवं-जुनं करायला कुणाच्या दारात जायला नको. दुकानदाराला हंगामाचा वायदा दिला आणि तो पाळला.

पन्नास हजारांसाठी दुधाचा पगार लावला. दर दहा दिवसांनी पगार आला की पेंडीचे पैसे बाजूला काढायचे आणि मग दोन हजार डब्यात टाकायचे. महिन्याला सहा हजार. देणारा आधी म्हणाला, मुद्दल एकरकमी द्या, तुकडे घेणार नाही. गावातल्या दोन जाणत्या माणसांना मध्ये घातले तेव्हा तयार झाला. दर महिन्याला वहीत रक्कम, तारीख आणि त्याची सही. पहिल्या महिन्यात दीड हजार व्याज गेले आणि साडेचार हजारांनी मुद्दल उतरले. पुढे व्याज घटत गेले, मुद्दल भराभर उतरू लागले. दहाव्या महिन्यात उरलेसुरले देऊन त्यांनी सही केलेला कोरा धनादेश परत घेतला आणि चुलीत घातला.

या दहा महिन्यांत घर थांबले नव्हते. आजींची रक्तदाबाची गोळी एक दिवसही बंद नव्हती. मुलींच्या पेल्यातले दूध बाईंनी डेअरीला जाऊ दिले नाही, याचे मला फार वाटते. यात्रेला साठ पाने व्हायची ती वीस केली. किराणा महिन्याऐवजी आठवड्याचा आणि रोखीचा. नणंदेच्या मुलीच्या लग्नात आहेर साधा केला. तेव्हा दोन दिवस बोलणी खावी लागली. आजीच शेवटी म्हणाल्या, "बोलू दे त्यास्नी. व्याज काय ते भरणारेत?"

अशा बाबतीत कायदाही आता पूर्वीसारखा मुका नाही. १८७५ च्या दंग्यानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला आणि रोख्यामागचा खरा हिशेब तपासण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला. आपल्या राज्याचा सावकारी नियमन कायदा २०१४ चा आहे. परवान्यावाचून सावकारी हा गुन्हा आहे. सावकारीच्या व्यवहारात पंधरा वर्षांच्या आत जमीन लिहून घेतलेली असेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो आणि चौकशीत ते सिद्ध झाले तर जमीन परत मिळते. अर्जाबरोबर असतील तेवढे कागद, पावत्या आणि वही जोडा.

त्या घरचे सोने अजून बँकेत आहे. गेल्या आठवड्यात गेलो तेव्हा मालकांच्या मनात नवी बोअर घ्यायची होती, त्यासाठी तारण वाढवू म्हणत होते. बाईंचे म्हणणे, आधी पाटल्या सोडवू, थोरलीचे बारावीनंतरचे शिक्षण पुढे आहे. त्या खडकात बोअरला पाणी लागेलच असे नाही, तेव्हा मी शेततळ्याचा अर्ज भरून घेतला आणि बोअरचा विषय कांदा निघेपर्यंत थांबवायला सांगितले. मालकांनी मान हलवली. बाईंनी वहीचे नवे पान काढून वर 'पाटल्या' असे लिहिले.