स्खेवनिंगनचा विदूषक

हॉलंडच्या राजदरबाराचें शहर जें हेग, तेथून ट्रामनें घटकाभरांत समुद्रकांठीं पोंचलें कीं स्खेवनिंगन लागतें. उत्तर समुद्राचा वारा येथें भर उन्हाळ्यांतही अंगाला झोंबतो. तरी वाळूवर माणसांची रीघ असतेच. मूळची ही कोळ्यांची वस्ती. पुढें 1885 सालीं ‘कुर्हाउस’ नांवाचें भव्य विश्रामगृह येथें उभें राहिलें, वर्षभरांतच तें जळालें, आणि 1887 सालीं पुन्हां बांधलें तें अद्याप समुद्राकडे तोंड करून उभें आहे. गांवाचें नांव परकीयाला नीट उच्चारतां येत नाहीं, याचें तेथील लोकांना मोठें कौतुक. महायुद्धांत जर्मन हेर ओळखण्याकरितां संशयिताला हाच शब्द म्हणावयास लावीत, असें सांगतात.

या गांवीं 15 जानेवारी 1911 रोजीं विम कान जन्मला. त्याचे वडील पुढें 1926 ते 1929 पर्यंत देशाचे अंतर्गत कारभाराचे मंत्री होते. मंत्र्याच्या मुलानें जन्मभर मंत्र्यांचीच थट्टा करावी, हा योग मोठा गमतीचा खरा!

‘कॅबरे’ हा शब्द ऐकून वाचकांच्या डोळ्यांपुढें जें नृत्य येईल, त्याचा येथें कांहीं संबंध नाहीं. डच कॅबरे म्हणजे छोटेखानी नाटकगृहांतील गाणीं, लहान प्रवेश, आणि मुख्यतः एकट्या माणसानें श्रोत्यांशीं केलेलें खुसखुशीत भाषण. आपल्याकडे एखादा चतुर हरदास आख्यान सांगतां सांगतां चालू काळाला हळूच चिमटा काढतो, तशांतला हा प्रकार. कान यांत निष्णात झाला. त्याची जोडीदारीण कॉरी फोंक ही त्याच्याहून दहा वर्षांनीं वडील, आणि रंगभूमीवर मुरलेली नटी. 1933 सालीं दोघांचें लग्न झालें, आणि 1936 सालीं त्यांनीं ‘एबीसी कॅबरे’ ही मंडळी काढली.

ही मंडळी 1939 सालीं डच ईस्ट इंडीजच्या दौऱ्यावर निघाली. मे 1940 मध्यें जर्मनीनें हॉलंड घेतलें आणि परतीची वाट बंद झाली. 1942 च्या मार्चांत जावाही जपान्यांच्या हातीं पडलें. कान तेव्हां सैन्यांत होता. तो युद्धकैदी झाला. कॉरीची रवानगी जावांतील स्त्रियांच्या छावणींत झाली. नवरा-बायकोची ताटातूट तीन वर्षांहून अधिक काळ टिकली.

कानला ब्रह्मदेशांत नेलें. मोलमीनच्या दक्षिणेस थानब्यूझायाट म्हणून गांव आहे. तेथून सयामांत जाणारा सुमारें 415 किलोमीटरचा लोहमार्ग जपान्यांना घाईनें हवा होता. रान, पाऊस, पटकी, मलेरिया आणि उपासमार यांच्यांतून तो ऑक्टोबर 1943 मध्यें पुरा झाला. सुमारें साठ हजार युद्धकैदी तेथें राबले, त्यांत अठरा हजारांच्या आसपास डच होते. बारा हजारांहून अधिक कैदी मेले. मलायांतील रबराच्या मळ्यांवरून नेलेले तामीळ मजूर, ब्रह्मी, जावानी असे आशियाई मजूर तर याच्या कित्येक पट मेले. त्यांच्या नांवाचे दगड कोणी उभारले नाहींत. थानब्यूझायाटच्या युद्धस्मशानांत 621 डच थडगीं आहेत. अशा जागीं कान आपल्या सोबत्यांपुढें उभा राही आणि त्यांना हंसवी. ज्यांना उद्यां उठतां येईल कीं नाहीं याची खात्री नव्हती, त्यांच्याकडून हंसूं मिळवावयाचें, याहून अवघड श्रोतृवर्ग कोणत्या नटाच्या वांट्याला येणार? याच काळांत तो रोजनिशीही लिहीत असे.

युद्धानंतर दोघें मायदेशीं परतलीं, आणि 31 डिसेंबर 1954 च्या रात्रीं रेडिओवर त्यानें सरत्या वर्षाचा हिशेब मांडला. हॉलंडांत त्या रात्रीं घरोघर आपल्या गुलगुल्यांसारखे तळलेले गोळे खातात आणि बाराची वाट पाहतात. त्या वाट पाहण्याला कानचा आवाज जोडला गेला. तो दरवर्षीं येत नसे, म्हणून उत्सुकता अधिक. त्याची तयारीही विलक्षण: लहान लहान गांवच्या नाटकगृहांत तेंच भाषण आधीं पुन्हां पुन्हां म्हणून पाहावयाचें, श्रोता जेथें हंसला नाहीं तेथें शब्द बदलावयाचा. ज्याची टवाळी झाली तो मंत्रीही आपलें नांव आलें म्हणून मनांतून सुखावे! हें विनोदाचें यश म्हणावें कीं अपयश, असा प्रश्न मला पडतो. दूरचित्रवाणीवर तो हें भाषण घेऊन आला तो मात्र 1973 सालीं.

पण 1971 च्या ऑक्टोबरांत जपानचे सम्राट हिरोहितो हॉलंडच्या भेटीस आले, तेव्हां हा खेळकर माणूस एकदम निराळा दिसला. सरकारनें पाहुण्याचें स्वागत केलें. कानने उघडपणें निषेध केला, आणि त्या लोहमार्गावर मेलेल्यांची आठवण गाण्यांतून करून दिली. सौम्य कोपरखळ्यांची संवय झालेल्या कांहींना हें खटकलेंही असेल. मला वाटतें, त्याच्या सगळ्या थट्टेमागें एक अट होती: ज्याची थट्टा करावयाची तो दुसऱ्या दिवशीं आपल्याला उत्तर देऊं शकला पाहिजे. मंत्री उत्तर देऊं शकत होते. थानब्यूझायाटचे सोबती देऊं शकत नव्हते.

शेवटचें वर्षाअखेरचें भाषण त्यानें 1982 सालीं केलें, आणि 8 सप्टेंबर 1983 रोजीं तो वारला. कॉरी 1988 सालीं गेली. ब्रह्मदेशांतील रोजनिशी छापून निघाली ती त्याच्या मृत्यूनंतर.